स्वाधीन स्वर

आमची नात स्वतः गाणी रचून गाते. शिक्षण सोडून तेच करीन म्हणते. घरात यावरून वाद. परवा तिने आम्हांस अमेरिकेतील बफेलो शहरच्या ॲनी डिफ्रँको या गायिकेची गाणी ऐकविली. या बाईंनी मोठ्या कंपन्यांचा आश्रय नाकारला व १९९० साली ध्वनिमुद्रिका काढण्यासाठी स्वतःची संस्था स्थापिली. गावोगाव गाऊन श्रोते मिळविले. आरंभी केवळ गिटार व कंठ. पुढे ड्रमची साथ. २००१ च्या जोडसंग्रहात पितळी वाद्ये. आणि २००४ च्या संग्रहात तर सारे वादन व ध्वनिमुद्रण एकटीचे! धनी कोणी नसल्यामुळेच हे पालट साधले. मात्र जमाखर्चही त्यांच्याच माथी आला. नातीस आम्ही म्हटले, "बाळ, अवश्य गा, पण आधी हिशेब शीक." तिने परीक्षेपर्यंत थांबण्याचे कबूल केले आहे.