पडद्यावरचा मधुमेह

मधुमेहाने दृष्टी जाण्याच्या प्रक्रियेतील सर्वांत घातक गोष्ट ही, की डोळ्याचा पडदा खराब होऊ लागल्यावरही रुग्णाला बराच काळ अगदी स्वच्छ दिसत असते. पडदा, अर्थात दृष्टिपटल, हा डोळ्याच्या मागच्या बाजूस आतून पसरलेला, प्रकाश टिपून मेंदूकडे संदेश पाठवणारा पातळ थर होय. वर्षानुवर्षे चढ्या राहिलेल्या साखरेमुळे त्याच्या केशवाहिन्या कमकुवत होतात, त्यांना सूक्ष्म फुगे येतात, त्यांतून रक्त व स्निग्ध द्रव पाझरतो आणि काही वाहिन्या बंदच पडतात. या विकाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. पाझर कडेला असेपर्यंत वाचनात किंवा सुईत दोरा ओवण्यात काही फरक पडत नाही. तो मॅक्युलापर्यंत, म्हणजे बारीक तपशील टिपणाऱ्या मध्यभागापर्यंत पोहोचला, की अक्षरे पुसट आणि रेषा वाकड्या दिसू लागतात. रक्त न मिळणारा भाग नव्या वाहिन्या वाढवणारे प्रथिन सोडतो, पण त्या नव्या वाहिन्या इतक्या नाजूक असतात, की त्यांतून डोळ्यात अचानक रक्तस्राव होऊ शकतो.

म्हणूनच चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे डोळे तपासणे, ही समजूत मधुमेहात महागात पडते. अक्षरांचा तक्ता बिनचूक वाचणाऱ्याच्या पडद्यावरही रक्ताचे ठिपके असू शकतात. शिवाय साखर वर-खाली झाली की डोळ्यातील भिंगाची जाडी बदलून नंबरही बदलतो, त्यामुळे उपचार नुकतेच सुरू झाले असताना घाईने नवा चष्मा करणे म्हणजे बहुधा पैसे वाया घालवणेच. पडदा नीट पाहण्यासाठी सहसा बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. त्यानंतर काही तास जवळचे धूसर दिसते, उजेड खुपतो आणि दुचाकी चालवता येत नाही. एवढ्याशा गैरसोयीपायी ही तपासणी पुढे ढकलली जाते, हे खेदजनक आहे.

प्रौढपणी आढळणारा टाइप २ मधुमेह निदानापूर्वी काही वर्षे शरीरात असू शकतो, म्हणून त्यात पहिली तपासणी निदान होताच करावी लागते. टाइप १ मध्ये ती पाच वर्षांच्या आत करतात, आणि आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस राहिल्यास गर्भारपणाच्या सुरुवातीलाच. पुढे साधारणपणे दरवर्षी.

साखर ताब्यात ठेवल्याने काय साधते, हे टाइप १ च्या रुग्णांवरील डीसीसीटी या अमेरिका-कॅनडातील अभ्यासाने १९९३ मध्ये दाखवले: काटेकोर नियंत्रणाने नव्याने रेटिनोपॅथी होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. रक्तदाबही तितक्याच गांभीर्याने सांभाळावा लागतो. मात्र फार काळ चढलेली साखर झपाट्याने उतरवली, तर पडद्याचा विकार काही काळ बळावू शकतो; त्यासाठी औषधे सोडायची नसतात, आधी डोळे दाखवायचे असतात.

पडद्यावरील लेझर उपचाराविषयीचा गैरसमज चष्म्याच्या नंबराविषयीच्या समजुतीहूनही नुकसानकारक आहे. वाढलेल्या विकारात लेझरने तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे १९७६ पासून ज्ञात आहे. पण हा उपचार उरलेली दृष्टी वाचवण्यासाठी असतो, गेलेली परत आणण्यासाठी नव्हे. हे आधी न सांगितल्यास ‘लेझर करूनही काही फरक नाही’ म्हणून रुग्ण दवाखान्याकडे पाठ फिरवतो, आणि त्याचा दोष केवळ त्याच्यावर टाकता येत नाही. मॅक्युलाच्या सुजेसाठी डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शनेही बहुधा पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात.

इंग्लंडमध्ये २००३ पासून मधुमेहींना पडद्याच्या नियमित तपासणीसाठी बोलावणे धाडण्याची राष्ट्रीय योजना उभी राहिली, आणि २००९-१० च्या नोंदींत इंग्लंड-वेल्समधील कमावत्या वयातील अंधत्वाच्या कारणांत मधुमेह किमान पाच दशकांत प्रथमच पहिल्या क्रमांकावरून खाली आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या दारी असे बोलावणे येत नाही. तेव्हा साखरेच्या रिपोर्टांच्या फायलीत पडद्याच्या शेवटच्या तपासणीची तारीख शोधावी, आणि ती वर्षापूर्वीची असेल किंवा सापडतच नसेल, तर याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाची वेळ घ्यावी.