रंगाखालचे घर

(द्वितीय वर्ष, कला)

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. ज्यांनी ती रचली त्यांच्या काळी घर राहण्यासाठी बांधीत. आमच्या अंबरनाथ-बदलापूरकडे मात्र घर घेणारा प्रत्येक जण राहण्यासाठीच घेतो असे नाही. कोणी बिल्डरकडे फ्लॅट बुक करतो आणि ताबा मिळण्यापूर्वीच विकून टाकतो. कोणी जुनी खोली घेऊन, लादी-रंग करून, पाच-सहा महिन्यांत दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतो. हा दुसरा धंदा माझे मामा करतात. ते मूळचे रंगाची आणि लादीची कंत्राटे घेणारे. दोन वर्षांपासून त्यांच्या हिशेबाची वही मी लिहिते आणि सुट्टीच्या दिवशी खोल्या दाखवायलाही जाते. माझी यंदाची फी याच वहीतून भरली गेली आहे. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे मी दुरून बोट दाखवते आहे असे कोणाला वाटणार नाही.

वर्गातले मित्र मला विचारतात, “यात सहा महिन्यांत पैसे दुप्पट होतात म्हणे?” मोबाईलवर तसे सांगणारे पुष्कळ भेटतात. माझे मत वेगळे आहे. जुने घर नीट करून विकणे हा प्रामाणिक धंदा होऊ शकतो. परंतु तो रंगावर चालत नाही. खर्च, कागद, सळई आणि पाणी या चार गोष्टी घर पाहताना डोळ्यांना दिसत नाहीत. त्या शोधून काढणे ही या धंद्यातली विद्या, आणि शोधलेले घेणाऱ्याला सांगणे हा या धंद्यातला धर्म होय.

प्रथम खर्चाचे पाहू. बदलापूर पूर्वेला मामांनी एक खोली-स्वयंपाकघर ११ लाखांना घेतले. दुरुस्तीला १ लाख १० हजार लागले आणि १४ लाख ६० हजारांना ते विकले. नातेवाइकांत बोलबाला झाला की मामांना अडीच लाख सुटले. वहीत मात्र निराळेच होते. मुद्रांक शुल्क ५५ हजार, नोंदणी ११ हजार, सोसायटीचे हस्तांतर, वीजबिलावरचे नाव आणि वकील मिळून ३६ हजार. ६ लाख रुपये शेकडा दीड टक्क्याने उचललेले, त्याचे सात महिन्यांचे व्याज ६३ हजार. रिकाम्या खोलीचा मेंटेनन्स आणि वीज ९ हजार. एजंटाचे १५ हजार. सगळे वजा जाता उरले ६१ हजार, म्हणजे महिन्याला नऊ हजारसुद्धा नाहीत. त्यात मामांची मजुरी धरलेली नाही आणि प्राप्तिकरही धरलेला नाही. घर दोन वर्षांच्या आत विकले तर झालेला नफा सरळ वर्षाच्या उत्पन्नात मिळवला जातो.

मुद्रांक शुल्क ५५ हजारच पडले, कारण खोली मामींच्या नावावर घेतली होती. राज्य सरकारने २०२१ पासून स्त्रियांच्या नावे होणाऱ्या घरखरेदीला एक टक्का सवलत दिली. तेव्हा अट अशी होती की असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकायचे नाही. ती अट २०२३ साली काढली गेली, म्हणून तर ते आमच्या कामी आले. बिल्डरकडून फ्लॅट घेऊन तीन वर्षांच्या आत पुढे विकणाऱ्या गुंतवणूकदाराला आधी भरलेल्या मुद्रांक शुल्काची वजावट मिळते. २०२२ पूर्वी ही मुदत एकच वर्षाची होती. जुन्या खोलीला ती सोय नाही. म्हणजे मोठ्या भांडवलवाल्याला एक वाट आणि लहान माणसाला दुसरी. यातून मी शिकले ते एवढेच की, या धंद्यात नफा विकताना होत नसून घेताना होतो. घेण्याच्या किमतीत चूक झाली तर पुढे कितीही चांगली लादी बसवा, ती चूक भरून निघत नाही. शिवाय खोली पडून राहिलेला प्रत्येक महिना नफ्यातला एक घास खात असतो.

दुसरी गोष्ट कागदाची. आपल्या भागात ‘कागद आहेत’ असे म्हणतात तेव्हा कोणते कागद, हे विचारावेच लागते. उल्हासनगरचेच पाहा. महायुद्धाच्या काळी ही लष्कराची कल्याण छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्या लोकांचे सारे काही सीमेपलीकडे राहिले त्यांनी येथे कारखाने आणि बाजार उभे केले, याचे कौतुक केले पाहिजे. परंतु बराकींच्या जागी पुढे ज्या इमारती चढल्या त्यांतल्या अनेकांना परवानगी नव्हती. ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, आणि २००६ साली राज्याला खास उल्हासनगरसाठी बांधकामे नियमित करण्याचा कायदा करावा लागला. एका शहरासाठी वेगळा कायदा लागावा, यावरून दुखणे केवढे मोठे होते हे कळते.

नव्या इमारतीचे कागदही डोळे मिटून घेऊ नयेत. १ मे २०१७ पासून रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? तरीही केवळ महारेराचा क्रमांक पाहून निर्धास्त होणे बरे नव्हे. शेजारच्या डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघडकीस आले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांत राहणाऱ्या माणसांनी पैसे खरेच दिले होते, खोटा होता तो कागद. म्हणून पालिकेत जाऊन बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे, ‘इंडेक्स टू’ काढावा, जमीन कोणाच्या नावावर आहे ते सात-बाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर वाचावे.

हे सगळे मामांच्या खोल्यांसाठी शिकत असताना एके रात्री मी आमच्याच घरातली पत्र्याची पेटी उघडली. बाबा जळगाव जिल्ह्यातून येऊन अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला लागले. २००९ साली त्यांनी चाळीतली आमची खोली घेतली. तिचा कागद म्हणजे शंभर रुपयांचा स्टँप पेपर, त्यावर नोटरीचा शिक्का, आणि सोबत एक कुलमुखत्यारपत्र. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीच्या विक्रीची नोंदणी करावीच लागते. अशा मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. दुसऱ्याच्या खोल्यांचे कागद तपासणारी मी, ज्या घरात वाढले तेच कायद्याच्या दृष्टीने अजून बाबांचे नव्हते. बाबांना मी तो कागद वाचून दाखवला. ते म्हणाले, “शिक्का होता ना, म्हणून मला वाटलं झालं.” त्यांना रागावण्यासारखे त्यात काही नव्हते. वाचून सांगणारे तेव्हा घरात कोणी नव्हते, इतकेच.

तिसरी गोष्ट सळईची. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि बारा माणसे गेली. वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर, अशा रीतीने थेट तळमजल्यापर्यंत. १९९०च्या दशकात घाईने बांधलेल्या अनेक इमारतींत खाडीची खारट उलवा रेती वापरली गेली, अशी चर्चा तेव्हा घरोघरी होती. रेतीतल्या मिठाने सळई गंजते, गंजलेली सळई फुगते, आणि फुगताना भोवतालचे काँक्रीट फोडते. बाहेरून आधी फक्त एक डाग दिसतो, मग प्लास्टरचे पापुद्रे सुटतात. १९९४-९५ च्या इमारतींनी आता तिशी ओलांडली आहे. तीस वर्षांनंतर इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे महापालिका क्षेत्रात कायद्याने आवश्यक आहे.

अशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मामांनी गेल्या वर्षी एक खोली घेतली. स्वस्त मिळाली म्हणून घेतली. पहिल्याच पावसात छतावर ओल उमटली. कारागीर म्हणाला, “पीओपी मारून टाका, दिसणार नाही.” वहीत मी स्वतःच्या हाताने लिहिले : पीओपी, १८ हजार. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आम्ही छताला लावली.

दिवाळीनंतर एक जोडपे खोली पाहायला आले. नवरा रिक्षा चालवणारा, बायकोच्या कडेवर लहान मूल. तिने वर पाहिले आणि मला विचारले, “ताई, पावसात वरून गळतं का हो?” मी उत्तर दिले नाही. मामा म्हणाले, “सगळं नवीन केलंय.” त्यांनी २१ हजार टोकन दिले. त्या रात्री मी मामांना म्हटले, “मामा, त्यांना सांगायला हवं.” मामा चिडले. “तुझी फी कुठून येते, ठाऊक आहे ना?” हे त्यांचे वाक्य मी विसरणार नाही, कारण ते खरे होते.

मामा वाईट मनुष्य नाहीत. ते उल्हासनगरातच राहतात, आणि त्या मे महिन्यात ढिगाऱ्याभोवती उभ्या असलेल्या गर्दीत तेही होते. दोन दिवसांनी त्यांनी त्या जोडप्याला बोलावले, पीओपीचा एक तुकडा स्वतः काढून छत दाखवले आणि टोकन परत केले. ती खोली अजून बंद आहे. सोसायटी तपासणीचे नाव काढत नाही, मामांचे पैसे अडकले आहेत, आणि व्याज चालूच आहे. पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चांगले वागल्याचे फळ लगेच मिळते असे मी म्हणणार नाही. आम्हाला तरी ते मिळालेले नाही.

काही मित्र म्हणतील की पाहून घेणे हे घेणाऱ्याचे काम, विकणाऱ्याने आपल्याच मालाचे दोष का सांगावेत? याला उत्तर १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे. जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने पाहूनही सापडणार नाही, तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणजे पीओपीवरची ओल सांगणे हा मोठेपणा नाही. ते आपल्या पणजोबांच्या काळापासून कर्तव्यच आहे, आपण ते विसरलो आहोत.

चौथी गोष्ट पाण्याची, आणि ती बदलापूरकरांना मी सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी घरांत शिरली होती. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. नदीकाठच्या जमिनीसाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. जाहिरातीत ‘नदीकिनारी’ हा शब्द असतो, पण रेषा नसते. घराची जाहिरात मार्चमध्ये वाचावी. घर मात्र जुलैमध्ये पाहावे, आणि तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे की पाणी कुठवर आले होते. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. त्या हाताइतका खरा नकाशा दुसरा नाही.

एक आक्षेप मला स्वतःलाही छळतो. खोल्या घेऊन विकणाऱ्यांमुळे भाव वाढतात आणि गरजू माणूस आणखी पुढच्या स्टेशनला ढकलला जातो, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. जो घर घेऊन नुसते कुलूप लावून भाव वाढण्याची वाट पाहतो, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण गळकी मोरी दुरुस्त केली, जळकी वायर बदलली, अर्धवट कागद पुरा केला, तर घरात खरोखर काही भर पडते आणि त्याचा मोबदला घेणे गैर नाही. नुसत्या रंगाचा मोबदला घेणे मात्र गैर आहे.

शेवटी आपल्या प्राध्यापकांना एक विनंती. आपण इतिहासात जुने दस्तऐवज शिकतो, अर्थशास्त्रात व्याज शिकतो, मराठीत उतारे वाचतो. वर्षातून एक तास सात-बारा, इंडेक्स टू आणि करारनामा वाचायला दिला तर काय हरकत आहे? आमच्यापैकी पुष्कळजण आपापल्या घरातून कॉलेजात आलेले पहिलेच आहेत. घरच्यांनी आम्हाला शिकवले ते नोकरीसाठी, हे खरे. परंतु नोकरी लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. घरात पेटी आहे, पेटीत कागद आहे, आणि तो वाचू शकणारे आता घरात कोणीतरी आहे. या सुट्टीत प्रत्येकाने तो एकदा काढून आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवावा, असे मला मनापासून वाटते. आमच्या खोलीचा कागद रीतसर करून घेण्यासाठी बाबा आणि मी आता हेलपाटे घालतो आहोत.