अफनासी पालीला आला होता

कंपनीनं ऑनसाइट पाठवायचं ठरवलं, की मराठी घरात सगळ्यात आधी काय होतं? व्हिसा? छे! गणपती. शुक्रवारी मला टोरोंटोचं मेल आलं, दोन वर्षांसाठी. रात्री आईनं जाहीर केलं, रविवारी महड आणि पाली. आम्ही कर्जतवाले, त्यामुळे हे दोन अष्टविनायक एका दिवसात आरामात होतात. महड खालापूर तालुक्यातच, म्हणजे अंगणातलाच म्हणा ना. आणि तिथून खोपोलीवरून खाली उतरलं की पाली.

बाबा गाडी चालवत होते, आई पुढे पिशवी मांडीवर घेऊन, आणि मी मागे एका रशियन माणसाबरोबर. म्हणजे पुस्तकातल्या. टॉलस्टॉय नाही, चेकॉव्ह नाही. हा त्यांच्याही चारशे वर्षं आधीचा. नाव अफनासी निकितिन, गाव त्वेर, धंदा व्यापार. १४६० च्या दशकाच्या शेवटी हा गडी होर्मुझहून एक घोडा जहाजात घालून चौलला उतरला. आपल्या रायगडच्या चौलला! शेजारच्या रेवदंड्याला शाळेत त्याच्या आठवणीचा स्तंभ आहे. चौलहून आठ दिवस चालून तो पालीला आला आणि तिथून डोंगर चढून जुन्नरला गेला. अभ्यासक म्हणतात, ते पाली म्हणजे हेच, आपलं बल्लाळेश्वराचं. आज चौल-पाली अंतर गाडीनं दोन-अडीच तासांचं आहे.

मला हा माणूस आवडला, कारण तो अजिबात शूरबीर नाही. व्होल्गा नदीच्या मुखाशी त्याला लुटलं. सोबतच्यांपैकी ज्यांच्या घरी काही होतं ते परत गेले, ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं ते वाट फुटेल तिकडे. हा दुसऱ्या गटातला. होम लोन असणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. मग त्यानं सगळा पैसा एका घोड्यात घातला. जुन्नरला तिथल्या खानानं तो घोडाच काढून घेतला आणि सांगितलं, धर्म बदल, घोडा परत, वर हजार मोहरा. मुदत चार दिवस. एका खुरासानी गृहस्थानं मध्यस्थी केली म्हणून वाचला.

आणि या भानगडीतही तो काय लिहितो? आपल्या पावसाळ्याला तो हिवाळा म्हणतो. चार महिने नुसतं पाणी आणि चिखल. (जुलैत कर्जत लोकल पकडणाऱ्यांना हे कळेल.) इथे घोड्यांना साखर-तूप घालून खिचडी खायला देतात, हेही त्यानं टिपलंय. खिचडी! गोरा माणूस बघायला लोक मागे मागे फिरतात, मिरी कुठे स्वस्त, जकात किती, सगळं. शेवटी कबूल करतो, की इथे खूप माल आहे असं सांगून मला फसवलं. आमच्या देशात खपेल असं काहीच नाही. म्हणजे प्रोजेक्ट फेल. तरी लिहीत राहिला.

प्रेमाचं काय? ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९५७ मध्ये रशियन लोकांबरोबर त्याच्यावर ‘परदेसी’ सिनेमा काढला आणि त्याला चक्क नर्गिस दिली. वहीत नर्गिस नाही. वहीत आहे ते असं. धर्मग्रंथ चोरीला गेलेले, त्यामुळे ईस्टर कधी येऊन गेला ते कळेना. मग मुसलमानांबरोबर उपास धरायचा आणि घर आठवायचं. एका जागी तो देवाला म्हणतो, माझी रशियन भूमी सांभाळ, तिच्यासारखी दुसरी नाही, भले तिथले सरदार अन्यायी असोत. आणि हे तो रशियनमध्ये लिहीत नाही, तुर्कीत लिहितो!

मी तिथेच थांबले. कारण आपणही तेच करतो. ‘लव्ह यू आई’ हे मी व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसातून दोनदा टाकते, लाल बदामासकट. मराठीत एकदाही म्हटलेलं नाही. म्हणून बघा. जीभ रेटत नाही. एक मुलगा आहे (आहे एक), त्यालाही सगळं इंग्लिशमध्येच सांगितलंय. परवा तो म्हणाला, दोन वर्षं म्हणजे काय गं, व्हिडिओ कॉल आहे ना. मला भांडायचं होतं. पण भांडण मला मराठीतच जमतं, आणि ते सुरू केलं असतं तर मी रडले असते.

परतीच्या वाटेवर खोपोलीच्या अलीकडे उजवीकडे सह्याद्रीची भिंत दिसायला लागली. मी आईला सगळी गोष्ट सांगितली, खिचडीसकट. ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक.

“मग घोडा मिळाला का त्याला?”

“मिळाला. नंतर बीदरला विकला.”

“आणि तो? पोचला ना घरी?”

तो स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्वेर राहिलंच. बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

“वही पोचली,” मी म्हटलं. “व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन दिली.”

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग पिशवीतून प्रसादाचा पेढा काढून मागे न बघताच हात लांब केला.

“खा. आणि कर्जतला भाजी घ्यायचीये, आठवण कर.”