स्कॅन म्हणजे निगेटिव्ह नव्हे

डार्करूम श्रेष्ठ की इंकजेट, या भांडणातल्या दोन्ही बाजू मला सारख्याच कंटाळवाण्या वाटतात. एकीकडे लाल दिव्याचे आणि हायपोच्या वासाचे हळवे भक्त, दुसरीकडे 'तुमचा जमाना गेला' म्हणणारे. मी वीस वर्षं ब्रोमाईड कागद धुतले आहेत आणि आता इंकजेटवर प्रिंट काढतो. चांगल्या सुती कागदावर पिगमेंट शाईने काढलेला प्रिंट उत्तम असतो. उलट नीट न धुतलेला ब्रोमाईड पिवळा पडतो, आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी लागते. ऐंशीच्या दशकातले लग्नाचे रंगीत अल्बम उघडा, रंग उडून वधूवर दोघंही तांबूस झालेले दिसतील. तेव्हा टिकाऊपणाच्या नावाने डार्करूमवाल्यांनी फार मिरवू नये.

माझं भांडण आहे ते स्कॅनवरच्या आंधळ्या विश्वासाशी. एकदा स्कॅन केलं की निगेटिव्हमधलं सगळं हाती आलं, अशी समजूत आहे. ती साफ खोटी आहे. निगेटिव्हमध्ये उजेडाची जागा काळी असते. भर उन्हातलं पांढरं धोतर घ्या. तिथे चांदी इतकी दाट साचते की साध्या स्कॅनरला तिच्यातून धड काही दिसत नाही. त्यात काम उरकणारा माणूस 'ऑटो'चं बटण दाबतो, छटांच्या जेमतेम २५६ पायऱ्यांची जेपेग फाईल करतो, आणि धोतराच्या चुण्या जातात. एन्लार्जरखाली त्याच चुण्यांसाठी आम्ही पुठ्ठ्याला भोक पाडून तेवढ्याच जागेवर आणखी अर्धा मिनिट उजेड सोडत असू. फाईल नंतर सुधारता येते म्हणे! जे फाईलमध्ये आलंच नाही, ते सुधारणार कुठून?

प्रिंट हा निर्णय असतो. होमाई व्यारावाला स्वतः प्रिंट काढत. कार्तिए-ब्रेसाँ काढत नसत. त्यांचे बरेचसे प्रिंट पॅरिसला पिएर गासमान यांच्या 'पिक्टोरियल सर्व्हिस'मध्ये निघत. म्हणजे त्यांच्या छायाचित्रांतला काळा किती काळा, हे ठरण्यात आणखी कुणाची तरी नजर होती. (त्या नजरांची नावं तेव्हाही क्वचितच छापली गेली. डार्करूमचा काळ काही न्यायाचा नव्हता.) आज तोच निर्णय दिवसाला अमुक इतक्या फ्रेम संपवायच्या असलेला कंत्राटी मुलगा घेतो. आपण निर्णय घेतो आहोत, हे त्याला कुणी सांगितलेलंही नसतं. दोष त्याचा नाही.

एका संस्थेत मी काचेची एक जुनी निगेटिव्ह पाहायला मागितली. उत्तर मिळालं, "स्कॅन झालंय ना? मग काचा कशाला ठेवायच्या, जागा अडते." हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. जालियनवाला बागेच्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा नारायण विरकरांनी टिपल्या होत्या. अशा छायाचित्रात गोळीचं भोक कुठलं आणि भिंतीवरचा डाग कुठला, हे चारदोन छटांवर ठरतं. त्या छटा स्कॅनमध्ये बुजल्या आणि निगेटिव्ह भंगारात गेली, तर पुरावाच गेला. उद्या अधिक चांगला स्कॅनर येईल. त्याखाली ठेवणार काय?

गॅलऱ्यांचं तर बोलायलाच नको. १९९१ साली अमेरिकेतल्या एका प्रिंटरने इंकजेटसाठी 'झिक्ले' हा फ्रेंच धाटणीचा शब्द काढला. मूळ अर्थ, फवारलेलं. तो शब्द पाटीवर ठसठशीत लिहितात. छायाचित्र कधी टिपलं, तेही लिहितात. प्रिंट कोणत्या साली निघाला, कुणी काढला, निगेटिव्हवरून की कुठल्याशा फाईलवरून, हे मात्र विचारावं लागतं, आणि विचारलं की कपाळाला आठ्या.

काचेच्या निगेटिव्हला एक थंड, कोरडी खोली पुरते. तिचं महिन्याचं वीजबिल आणि प्रदर्शनाच्या उद्घाटनाचं चहापाण्याचं बिल, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून कुठल्याही विश्वस्त मंडळाने मला बोलवावं. मी स्वखर्चाने येईन.