मेट्रोचा अधिभार : व्यापाऱ्याने विचारावयाचे प्रश्न

व्यापारी हा रस्त्याचा किंवा वाहतुकीचा शत्रू असूच शकत नाही. माल हलला नाही तर दुकान चालत नाही, आणि गिऱ्हाईक पोहोचले नाही तर आलेला माल वखारीत पडून राहतो. तेव्हा मेट्रो रेल्वेसाठी आकारल्या जाणाऱ्या अधिभाराविषयी व्यापारी वर्गाने शंका काढताच, ‘हे लोक प्रगतीच्या आड येतात’ असा जो आक्षेप तत्काळ घेतला जातो, तो प्रथमच दूर सारणे अवश्य आहे. रेल्वे चांगली की वाईट, हा वाद येथे नाही. भांडवल कोणाचे, जोखीम कोणाची आणि हिशेब कोणापुढे मांडावयाचा, एवढेच आम्ही विचारू इच्छितो. आणि हे प्रश्न तर आपण प्रत्येक भागीदारीच्या आरंभी विचारीतच असतो.

या बाबतीत आपल्या पूर्वसूरींचा व्यवहार स्मरणात ठेवण्याजोगा आहे. १८७० साली इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी तत्कालीन इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले. पण ते दिले कसे? एकशे एक वर्षांच्या मुदतीने, दरसाल साडेचार टक्के व्याजाने. रक्कम, मुदत आणि दर, तिन्ही गोष्टी कागदावर स्पष्ट होत्या. पुढे १८९७ साली बार्शीची हलकी रेल्वे धावू लागली. अडीच फुटी रुळांवरून चालणारी ही गाडी कुर्डुवाडीहून बार्शीस जाई. नंतर तिचे फाटे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेले. तिने त्या मुलखातील व्यापाराची आणि वारकऱ्यांची मोठीच सोय केली. तिचे भांडवल लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीने उभारले होते आणि १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेईपर्यंत नफ्यातोट्याचा जाब त्या कंपनीच्या संचालकांना आपल्या भागधारकांपुढे द्यावा लागे.

कर या वस्तूचाही व्यापाऱ्याला तिटकारा नाही. जुन्या बाजारपेठांतून गाठोड्यामागे, पोत्यामागे किंवा बिलाच्या रकमेवर ‘धर्मादाय’ म्हणून काही पैसे वेगळे काढण्याची रीत होती. त्यातून पांजरपोळ चालले, विहिरी खोदल्या गेल्या, धर्मशाळा उभ्या राहिल्या. हा एक प्रकारे बाजाराने स्वतःवर बसविलेला करच होय. मात्र ती रक्कम वहीत वेगळ्या खाती जमा होई, ज्या कामासाठी घेतली त्याच कामी लागे, आणि पंचांनी हिशेब मागितला तर तो दाखवावा लागे. अधिभाराला याच कसोटीवर घासून पाहणे आपणांस प्राप्त आहे.

आता प्रस्तुत अधिभाराकडे वळू. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत मिळकतींच्या दस्तांवर मुद्रांक शुल्काखेरीज एक टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो. पुण्यात पाच टक्के मूळ शुल्क, एक टक्का स्थानिक संस्था कराच्या नावाचा आणि एक टक्का मेट्रोचा, असे एकूण सात टक्के होतात. यातील मधला टक्का विशेष बोलका आहे. जकातीच्या जागी आलेल्या स्थानिक संस्था कराविरुद्ध २०१३ साली व्यापाऱ्यांनी दीर्घकाळ दुकाने बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपर्यंतची उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांची त्यातून सुटका झाली. मालावरचा कर गेला, परंतु त्याच्या नावाने दस्तावर बसलेला टक्का मात्र मागे राहिला. अधिभार एकदा आला की तो कसा मुक्काम ठोकतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या पेढ्या इंदूर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी असून शाखा किंवा सोयरसंबंध पुण्या-नागपुराकडे आहेत. तेव्हा ही बाब परकी नाही. शिवाय केंद्र सरकारच्या २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो रेल्वे धोरणात मार्गालगतच्या मिळकतींच्या वाढीव मूल्यातून निधी उभारावा, अशी शिफारसच आहे. म्हणजे ज्या ज्या नगरात मेट्रोचे खांब उभे राहतील, तेथे तेथे या ना त्या नावाने अशी वसुली होण्याची वाट मोकळी झाली आहे.

त्या शिफारशीमागील तत्त्व न्याय्य आहे, हे आम्ही मान्य करतो. सार्वजनिक पैशाने एखाद्याच्या जमिनीचा भाव वाढला, तर त्या वाढीचा काही अंश समाजाला परत मिळावा, यात गैर काय? पण प्रत्यक्षात वसुली कोणाकडून होते, ते पाहा. ज्याचे घर किंवा दुकान स्थानकाशेजारी पूर्वीपासून आहे, त्याचा भाव वाढतो. तो मिळकत विकत नाही तोवर त्याला एक पैही द्यावी लागत नाही, आणि विकतो तेव्हा मुद्रांकाचा भार सामान्यतः खरेदीदार उचलतो. उलट, मेट्रोपासून दोन कोस दूर असलेल्या उपनगरात ऐंशी लाखांचा गाळा घेऊन पहिलाच धंदा मांडणाऱ्या तरुणाला रोख ऐंशी हजार रुपये मोजावे लागतात. त्याच्या दाराशी मेट्रो नाही, पुढील दहा वर्षांत येईल अशी खात्री नाही. लाभ एकाला आणि भरणा दुसऱ्याला, अशी वही आपल्या मुनीमाने लिहिली असती तर आपण ती एक दिवसही चालवून घेतली नसती.

आता खर्चाची बाजू घेऊ. इंदूरच्या मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१८ मध्ये मंजुरी दिली. लांबी सुमारे साडेएकतीस किलोमीटर, अंदाजित खर्च ७,५००.८० कोटी रुपये. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे २३८ कोटी. ३१ मे २०२५ रोजी त्यातील सुमारे सहा किलोमीटरचा, पाच स्थानकांचा पहिला टप्पा खुला झाला. तो सुपर कॉरिडॉरच्या विरळ वस्तीच्या भागात आहे. राजवाडा, सराफा, सियागंज, कापड मार्केट या जेथे माणसांची खरी दाटी, त्या पेठा अद्याप त्या गाडीला पारख्या आहेत. फुकट प्रवासाचे पहिले दिवस सरताच तेथील गर्दीही ओसरली. एका विजेवरील बसची किंमत दीड कोटी धरली, तरी मेट्रोच्या एका किलोमीटरच्या खर्चात दीडशेहून अधिक बसगाड्या येतात. बस बारा-पंधरा वर्षांत मोडीत निघते आणि रूळ पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, हे खरे. परंतु दीडशे बसगाड्या शहराच्या साऱ्या अंगांना स्पर्श करतात आणि एका किलोमीटरचा रूळ एका किलोमीटरलाच.

याच इंदुरात मे २०१३ मध्ये आग्रा-मुंबई मार्गावर बससाठी स्वतंत्र पट्टा सुरू झाला होता. सुमारे साडेअकरा किलोमीटरचा तो पट्टा काढून टाकण्याचा मार्ग फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने मोकळा झाला. भोपाळचा असाच पट्टा त्यापूर्वीच उखडला गेला. जी व्यवस्था बारा वर्षांपूर्वी नगराचे भूषण म्हणून मिरविली, ती आज अडगळ ठरली. ती उभारताना खर्च झाला, मोडतानाही झाला. दोन्ही वेळा पैसा जनतेचाच होता, आणि चुकलेल्या अंदाजाबद्दल कोणाचे वेतन कापले गेल्याचे ऐकिवात नाही.

हैदराबादचा धडा तर अधिकच उद्बोधक आहे. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी सुरू झालेली तेथील मेट्रो खाजगी भागीदारीचा आदर्श म्हणून गौरविली गेली. एकोणसत्तर किलोमीटरचे जाळे झाले. लक्षावधी प्रवासी रोज त्याचा लाभ घेतात, हेही नाकारता येत नाही. तरी २०२४-२५ या एका वर्षात चालक कंपनीला ६२६ कोटी रुपयांचा तोटा आला. मे २०२५ मध्ये भाडे वाढविण्यात आले; आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुमारे १३,००० कोटींच्या कर्जासह हा प्रकल्प आपल्याकडे घेण्याचे राज्य सरकारने ठरविले. एवढ्या गर्दीच्या गाडीची ही कथा, तर ओस स्थानकांची काय असेल? संसदेच्या स्थायी समितीनेही २०२२ साली अनेक शहरांच्या मेट्रोंतील प्रवासीसंख्या खर्च भरून निघण्याच्या पातळीपेक्षा पुष्कळच कमी असल्याचे नोंदविले आहे.

हैदराबादेतील सुलतान बाजार आपल्या मराठी भाषकांना घरच्यासारखा. त्या अरुंद, गजबजलेल्या पेठेतून मार्ग नेण्यास तेथील व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. मार्ग बदलण्याची आश्वासने मिळाली. अखेर खांब तेथूनच गेले आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्या मार्गावर गाडी धावू लागली. इंदुरातही राजवाड्याच्या परिसरातून मार्ग कसा न्यावा, यावर वाद माजला. लोखंडी पत्र्यांचे कुंपण दुकानासमोर उभे राहिले म्हणजे काय होते, हे पेढीवर बसणाऱ्यालाच समजते. गिऱ्हाईक पत्रे ओलांडून येत नाही. ते दुसऱ्या पेठेत जाते आणि तेथलेच होऊन राहते. भाडे, नोकरांचा पगार, कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सिमेंट, पोलाद, डबे यांचे रकाने असतात. बुडालेल्या तीन दिवाळ्यांच्या विक्रीचा रकाना नसतो.

या सर्वांत दुर्लक्षित राहते ती साधी बस. पुण्यात मेट्रोचे उद्घाटन ६ मार्च २०२२ रोजी झाले आणि महिन्याच्या आतच अधिभार लागू झाला. तेथे रोज दहा लाखांच्या आसपास माणसे बसने जातात. त्याच बसचे किमान भाडे जून २०२५ मध्ये पाच रुपयांवरून दहा रुपये झाले आणि दिवसाचा पास चाळिसावरून सत्तरावर गेला. आपल्या दुकानातील गुमास्ता, हमाल, मापाडी, शिवणकाम करणारी बाई हे सारे बसचे प्रवासी. मिळकत घेणाऱ्याकडून वाहतुकीच्या नावाने टक्का घ्यावयाचा आणि वाहतुकीवर ज्यांचे पोट अवलंबून आहे त्यांचेही भाडे दुप्पट करावयाचे, ही कसली वाहतूकनीती?

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. दिल्लीत २००२ पासून मेट्रो धावते आणि ती आज त्या नगराची नाडी झाली आहे. धूर, कोंडी आणि अपघात यांची किंमतही कोणीतरी मोजतच असतो. रेल्वेचा विचार पन्नास वर्षांचा करावा, पाच वर्षांचा नव्हे. हे युक्तिवाद पोकळ नाहीत. परंतु दिल्लीची लोकसंख्या, तिचा विस्तार आणि दोन दशकांत विणलेले सलग जाळे यांची तुलना सहा किलोमीटरच्या तुकड्याशी होत नाही. दिल्लीला जे मानवले ते प्रत्येक नगराला मानवेल, असे गृहीत धरणे म्हणजे एका पेढीचा नफा पाहून दुसऱ्या गावी तोच माल तेवढाच भरण्यासारखे आहे.

अमेरिकेतील नॅशव्हिल नगराचा अनुभव येथे सांगावासा वाटतो. तेथे हलक्या रेल्वेचे मार्ग आणि शहराखालून बोगदा अशी ५.४ अब्ज डॉलरांची योजना निघाली व तिच्यासाठी विक्रीकरासह काही कर वाढविण्याचे ठरले. १ मे २०१८ रोजी नागरिकांचा कौल घेतला गेला. सुमारे ६४ टक्के मते विरुद्ध पडली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच नगरात बसगाड्या, पादचारी मार्ग आणि वाहतुकीचे दिवे यांवर भर देणारी योजना, अर्धा टक्का विक्रीकरासह, मतदानाला आली आणि सुमारे दोनतृतीयांश मतांनी संमत झाली. कर देण्यास लोक तयार होते. कशासाठी ते त्यांना पटावे लागले. आपल्याकडे हा प्रश्न लोकांना विचारण्याची पद्धतच नाही. राजपत्रात अधिसूचना येते आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आपणांस ती कळते.

म्हणून आमचे मत असे की, पुढील गोष्टी मान्य होईपर्यंत व्यापारी संघटनांनी अशा अधिभारास सनदशीर मार्गाने ठाम विरोध करावा. अधिभाराची रक्कम स्वतंत्र खाती जमा व्हावी आणि तिचा जमाखर्च दरवर्षी मराठी, हिंदी वा कन्नड, जी लोकभाषा असेल तीत प्रसिद्ध व्हावा. अधिभाराला मुदत असावी. काम पुरे होताच तो आपोआप संपावा. आकारणी मार्गापासूनच्या अंतराप्रमाणे व्हावी. ज्याला लाभ नाही त्याला भार नसावा. या निधीतील निश्चित हिस्सा बससेवेला मिळावा. कुंपणाआड अडकलेल्या दुकानांना त्या काळापुरती मालमत्ता करात सूट मिळावी. पहिल्या टप्प्यात वर्तविलेले प्रवासी प्रत्यक्षात आले की नाही, हे तपासल्यावाचून पुढच्या टप्प्याला मंजुरी देऊ नये.

यांतील एकही मागणी अवाजवी नाही. आपण आपल्या भागीदाराकडून, आडत्याकडून, बँकेकडून जे मागतो आणि त्यांना जे देतो, तेवढेच येथे मागितले आहे. संघाच्या कार्यकारिणीने प्रत्येक केंद्रातील सभासदांकडून दस्तांवर भरलेल्या अधिभाराचे आणि काम चालू असताना बुडालेल्या विक्रीचे आकडे गोळा करावेत, अशी आमची विनंती आहे. भावनेच्या भाषणाने सरकार हलत नाही. नीट मांडलेल्या हिशेबापुढे त्याला निदान उत्तर तरी द्यावे लागते. हिशेब मांडणे हे तर आपले पिढीजात काम आहे.