गाणारी पेटी आणि नाण्याएवढा सेल

झाकण उघडताच आतले चिमुकले दिवे उजळावेत आणि वाढदिवसाची धून वाजू लागावी, अशी भेटपेटी आता शाळकरी मुलेही घरी करू शकतात. पुठ्ठ्याचा डबा, चार-सहा एलईडी, संगीताची आयसी, एक स्विच आणि थोडी तार एवढेच साहित्य त्यासाठी लागते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथे ते थोडक्या पैशांत मिळते. सातवी-आठवीतली ताई धाकट्या भावासाठी अशी पेटी करू लागते, तेव्हा पुस्तकातला विद्युत मंडलाचा धडा तिच्या हातात उतरतो. आजोबांना नातवंडांजवळ बसायला निमित्त मिळते आणि तासभर तरी मोबाइल बाजूला पडतो. या छंदाचे एक डॉक्टर म्हणून मी स्वागतच करतो.

माझे सांगणे त्या पेटीतल्या एकाच वस्तूविषयी आहे. ती म्हणजे नाण्याच्या आकाराचा, गुळगुळीत, चकचकीत सेल.

हौशी कारागीर हाच सेल का निवडतात, हे समजण्यासारखे आहे. तो चपटा असल्याने पुठ्ठ्याच्या फटीत लपतो. एलईडीचे दोन पाय त्याच्या दोन बाजूंना लावले, की दिवा लागतो. मध्ये रोधक, म्हणजे रेझिस्टर, घालण्याचीही गरज भासत नाही, कारण सेलचा स्वतःचा अंतर्गत रोध विद्युतप्रवाहाला आवर घालतो. या सेलवर बहुधा ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते. त्यातील ‘२०’ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ‘३२’ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दाब ३ व्होल्ट. कारागिराच्या सोयीचे हे तिन्ही गुण, म्हणजे चपटेपणा, २० मिलिमीटरचा व्यास आणि ३ व्होल्टचा दाब, लहान मुलाच्या घशात एकत्र आले की घातक ठरतात.

हातात येईल ते तोंडात घालून पाहणे हा रांगत्या आणि दुडदुडत्या बालकांचा स्वभाव. छोटे नाणे किंवा मणी पोटात उतरला, तर बहुतेक वेळा शौचावाटे बाहेर पडतो. म्हणूनच ‘नाणे गिळले, केळी खायला द्या आणि वाट पाहा’ ही रीत आपल्या घरांत रूढ झाली. ही रीत सेलला लावणे मात्र अत्यंत धोक्याचे आहे. २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत सहज अडकतो. तिथल्या ओलसर आवरणाचा स्पर्श त्याच्या दोन्ही ध्रुवांना होतो, मंडल पूर्ण होते आणि प्रवाह वाहू लागतो. दिवा लावण्यासाठी लागते तीच ही क्रिया. येथे फक्त दिव्याच्या जागी मुलाच्या शरीरातील पेशी असतात. सेलच्या ऋण ध्रुवाजवळ पेशींतील पाण्याचे विघटन होऊन तीव्र अल्कली तयार होते आणि ती अन्ननलिकेची भिंत आतून जाळत जाते. सेल फुटावा किंवा गळावा लागत नाही. अखंड, कोरा करकरीत सेलही ही इजा करतो. अवघ्या २ तासांत गंभीर भाजणी होऊ शकते. पुढे अन्ननलिकेला छिद्र पडणे, तिचा श्वासनलिकेशी मार्ग जोडला जाणे, स्वरयंत्राच्या नसांना इजा होणे आणि क्वचित जवळच्या महारोहिणीपर्यंत जखम पोहोचून प्राणघातक रक्तस्राव होणे, अशी ही साखळी आहे.

‘सेल संपलेला होता’ या वाक्याने कोणीही निश्चिंत होऊ नये. दिवा पेटवायला असमर्थ ठरलेल्या सेलमध्येही पेशी जाळण्याइतका दाब शिल्लक असू शकतो. म्हणून पेटीतून काढून टेबलावर ठेवलेला जुना सेल नव्याइतकाच धोकादायक समजावा.

दुसरी अडचण निदानाची आहे. पुष्कळदा मुलाने सेल गिळताना कोणी पाहिलेले नसते. मूल सांगण्याच्या वयाचे नसते. लक्षणेही रोजच्या दुखण्यांसारखीच असतात: लाळ गळणे, खाण्यास नकार, उलटी, खोकला, घशात घरघर, छातीत दुखणे, नुसतीच किरकिर. सर्दी-खोकला समजून दिवस निघून जाण्याची भीती येथेच असते. एरवी खेळते मूल अचानक लाळ गाळू लागले, घास गिळेनासे झाले आणि घरात असे सेल असलेली वस्तू उघडी पडलेली दिसली, तर संशय पुरेसा आहे. पुराव्याची वाट पाहू नये.

अशा वेळी काय करावे, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावे.

१. ताबडतोब निघावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. स्वतःचे वाहन लवकर मिळत असेल तर तेच घ्यावे. आमच्यासारख्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात थांबू नये. जेथे क्ष-किरण तपासणी आणि लहान मुलांची दुर्बिणीद्वारे तपासणी करून सेल काढण्याची सोय आहे, अशा रुग्णालयात थेट जावे. वाटेतच फोन करून कळवावे.

२. मूल १ वर्षाहून मोठे असेल, गिळल्याला १२ तास झालेले नसतील, त्याला गिळता येत असेल आणि घरात मध असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी २ लहान चमचे, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर, मध द्यावा. जास्तीत जास्त ६ वेळा. मधाचा थर सेल आणि पेशी यांच्या मध्ये येतो आणि तो किंचित आम्लधर्मी असल्याने अल्कलीचा जोर थोडा कमी होतो. मात्र मध हा उपचार नव्हे. मध आणायला दुकानात जाऊ नये, त्यासाठी एक मिनिटही घालवू नये. १ वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

३. मधाव्यतिरिक्त काहीही खायला-प्यायला देऊ नये. केळे नाही, दूध नाही, पाणीही नाही. सेल काढताना भूल द्यावी लागते.

४. उलटी करवू नये, घशात बोट घालू नये.

५. सेलचे वेष्टन किंवा तसाच दुसरा सेल मिळाला, तर सोबत न्यावा. क्ष-किरण चित्रात सेल आणि नाणे सारखेच गोल दिसतात. सेलच्या कडेला दुहेरी वलय दिसते. ‘सेल असावा’ हा तुमचा एक शब्द डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचवतो.

हाच सेल मुलाने नाकात किंवा कानात घातला, तरी तीच भाजणी तेथे होते. अशा वेळी नाकात वा कानात थेंब टाकू नयेत; ओलावा वाढला की इजा वाढते. सेल काढल्यानंतरही जखम काही दिवस खोल होत राहू शकते. म्हणून पुढील काही आठवड्यांत रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली, तर तत्क्षणी रुग्णालय गाठावे.

या धोक्याची दखल सरकारांनीही घेतली आहे. ऑस्ट्रेलियात जून २०२२ पासून असे सेल असलेल्या वस्तूंसाठी सुरक्षेचे नियम बंधनकारक झाले, तर अमेरिकेत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असाच कायदा झाला. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे आहे. परंतु घरी केलेल्या पेटीवर कोणतेच चिन्ह नसते. तिचे तपासनीस आपणच.

तेव्हा पेटी जरूर करावी. मात्र सेल बदलावा. नाण्याच्या सेलऐवजी ‘एए’ आकाराचे दोन पेन्सिल सेल घ्यावेत. दोन्ही मिळून ३ व्होल्टच होतात. प्रत्येक सेल सुमारे ५ सेंटिमीटर लांब असल्याने लहान मूल तो सहसा गिळू शकत नाही. शिवाय नाण्याच्या सेलची क्षमता साधारण सव्वादोनशे मिलिअँपिअर-तास, तर चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलची दोन हजारांच्या घरात. त्यामुळे पेटी कितीतरी अधिक काळ गात राहते. हे सेल ठेवण्यासाठी स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाचा प्लॅस्टिकचा सेल-होल्डर मिळतो, तोच मागून घ्यावा. उघडा होल्डर घेऊ नये.

सेल बदलला की जोडणीत एक फरक करावा लागतो. पेन्सिल सेलचा अंतर्गत रोध कमी असल्याने आता प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर हवा. लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो. उरलेल्या १ व्होल्टसाठी १०० ओहमचा रेझिस्टर लावला, की १० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि तेवढा उजेड पुरतो. लाल आणि पिवळे दिवे निवडावेत. निळ्या व पांढऱ्यांना स्वतःलाच ३ व्होल्टच्या आसपास लागत असल्याने ते मंद दिसतात. संगीतासाठी ‘यूएम ६६’ ही तीन पायांची, ट्रान्झिस्टरसारखी दिसणारी आयसी सोयीची. तिच्यात एकच धून असते आणि ती पितळी पिझो चकतीवर हळू आवाजात वाजवता येते. लहान कानांना तो हळू आवाजच बरा. आयसीचे पाय कोणते, हे दुकानदाराकडून समजून घ्यावे. उलटे जोडल्यास ती निकामी होते.

झाकणासाठी लिव्हर असलेला छोटा मायक्रो स्विच घ्यावा. त्याच्या तीन टोकांपैकी ‘कॉमन’ आणि ‘एनसी’ ही दोन वापरावीत. झाकण मिटलेले असताना लिव्हर दाबला जाऊन मंडल तुटते. झाकण उघडले की ते जुळते. चुंबकावर चालणारा स्विच काही जण सुचवतात. तो येथे टाळावा. लहान, शक्तिशाली चुंबक दोन गिळले गेले, तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि तेथे छिद्र पडू शकते.

सगळी जोडणी पेटीच्या तळाशी ठेवून तिच्यावर पुठ्ठ्याचा दुसरा तळ चिकटवावा. सेल-होल्डरचे झाकण खालच्या बाजूने, स्क्रू काढूनच उघडेल असे बसवावे. मग पेटी उलटी करून जोरात हलवावी आणि कमरेच्या उंचीवरून दोन-तीनदा जमिनीवर पाडून पाहावी. एखादा तुकडा सुटला किंवा होल्डर उघडला, तर ती पेटी भेट देण्याजोगी नाही.

डाग देण्याचे, म्हणजे सोल्डरिंगचे, काम मोठ्यांनी किंवा मोठ्यांच्या देखत करावे. नेहमीच्या सोल्डर तारेत शिसे असते. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, त्या टेबलावर खाऊ नये. फ्लक्सच्या धुराने दम्याचा त्रास बळावू शकतो, म्हणून खिडकी उघडी असावी आणि तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांनी दूर राहावे. चटका बसलाच, तर भाजलेला भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, तूप, बर्फ यांपैकी काही लावू नये.

पेटीच्या निमित्ताने घराची एक फेरीही मारावी. गाणारे शुभेच्छापत्र, दिवाळीतली विजेवरची पणती, मोटारीची रिमोट किल्ली, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, आजीचे साखर मोजण्याचे यंत्र, डिजिटल थर्मामीटर, यांतील पुष्कळ वस्तूंत हेच किंवा याच जातीचे छोटे सेल असतात. ज्यांचे झाकण नुसत्या नखाने सरकते, त्यांवर पक्की चिकटपट्टी लावावी किंवा त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवाव्यात. नवे सेल वेष्टनातच राहू द्यावेत. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना त्याच क्षणी चिकटपट्टी गुंडाळावी आणि तो ई-कचऱ्यात द्यावा. केराच्या टोपलीपर्यंत रांगणाऱ्या बाळाचाही हात पोहोचतो.

भेटपेटी करणारी मुले मोठी असतात. ती जिच्या घरी जाते, तेथे एखादे दीड-दोन वर्षांचे बाळ असू शकते. झाकण उघडून ते हसेल, मग पेटी उलटी-पालटी करील आणि सुटेल ते तोंडात घालील. म्हणून कोणाची गाणारी, लुकलुकणारी भेट घरी आली, तर ‘किती सुंदर!’ म्हणून झाल्यावर लगेच एक प्रश्न विचारावा: हिच्यात सेल कोणता आहे आणि तो कसा बसवला आहे? आपण अशी पेटी कोणाला देत असू, तर हे उत्तर न विचारताच सांगावे.