‘नकार’ म्हणजे नेमके काय?

घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणात ‘घर बंद’ आणि ‘नकार’ अशा नोंदी हमखास होतात. संध्याकाळी त्यांची बेरीज वर पाठवली जाते. दार का उघडले नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. मानवशास्त्राचे काम इथून सुरू होते.

ठाण्यातले कोलशेत पाहा. खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे जुने गावठाण, चाळी आणि कारखान्यांच्या पट्ट्यात उभे राहिलेले टॉवर इथे शेजारी शेजारी आहेत. घरकामाला गेलेल्या महिलेच्या दाराला सकाळी अकराला कुलूपच असणार. टॉवरमध्ये आरोग्यसेविका फाटकावरच अडते. नोंद दोन्हीकडे सारखीच. आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करा, हा डेंग्यूविरोधी सल्ला बिनचूक आहे. एडिस डासाची वाढ आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. पण नळाला ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या घरात भरलेले पिंप ओतायला सांगणे म्हणजे घरचे पाणीच काढून घेणे. तिथला ‘नकार’ अडाणीपणाचा नसतो. अशा घराला घट्ट झाकण पुरवावे लागते.

२०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला, तेव्हा पांढऱ्या पोशाखातली पथके मृतदेह उचलून नेत आणि लोक मृतदेह लपवत. मानवशास्त्रज्ञांनी अंत्यविधींचा अर्थ समजावून दिला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने नियम बदलले. कुटुंबाला आणि धर्मगुरूंना सुरक्षित अंतरावरून सहभाग मिळाला. विषाणू तोच होता, विरोध ओसरू लागला.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष काढला तो मार्गदर्शकाच्या वंशश्रेष्ठत्वाच्या गृहीतकाविरुद्ध. (याच शास्त्राने एकेकाळी नाके मोजून जाती लावल्या, हेही विसरू नये.) पुढे जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी कोयना धरणग्रस्तांची पाहणी केली, डेक्कन कॉलेजने ती १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. धरण झाल्यावर माणसे कुठे गेली, कशी जगली, हा प्रश्न अभियंत्यांच्या आराखड्यात नव्हता. त्या विस्थापितांपैकी काही कुटुंबे ठाणे जिल्ह्यातही आली.

साथ थांबत नाही, अभ्यासाला वेळ कुठे, हा आक्षेप रास्त आहे. पण कोलशेतचा डेंग्यू पावसाळ्याची तारीख आधीच सांगून येतो. पुणे विद्यापीठात मानवशास्त्र विभाग आहे, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. महापालिकेने एप्रिल-मेमध्ये तिथले दोन संशोधक आशा सेविकांसोबत महिनाभर फिरवावेत. आणि अर्जात ‘नकार’च्या पुढे कारणासाठी एक ओळ कोरी सोडावी, ती भरायला सेविकेला वेळ मिळेल इतकीच घरे तिच्या वाट्याला द्यावीत.